उपग्रहावरून पीक कसं बघायचं: सांगली-साताऱ्याकडून वारंवार येणारे प्रश्न

वाळवा, पलूस, तासगाव, कराड, फलटण या पट्ट्यातल्या शेतकरी गटांना मी उपग्रहाचे नकाशे वाचायला शिकवतो. बैठकीत जे प्रश्न निघतात तेच रात्री व्हॉट्सॲपवर परत येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्याचेच ठेवलेत. घाई असेल तर २, ५ आणि ९ एवढे तरी वाचा. बाकीचे अडेल तेव्हा बघितले तरी चालतील.

१. उपग्रह वरून फोटोच काढतो ना? मग मोबाईलच्या नकाशात दिसतं त्यापेक्षा वेगळं काय?

मोबाईलच्या नकाशात तुमची विहीर, गोठा, बांधावरचा आंबासुद्धा ओळखू येतो, पण तो फोटो कधी वर्षाचा तर कधी तीन वर्षांचा जुना असतो. पिकासाठी वापरतात ते उपग्रह इतकं बारीक बघत नाहीत, पण ठरलेल्या दिवशी न चुकता येतात. शिवाय डोळ्यांना न दिसणारा उजेडही मोजतात.

हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि लालच्या पलीकडचा अवरक्त उजेड जोरात परत फेकतं. पान पिवळं पडलं, गळालं, विरळ झालं की हे दोन्ही बदलतात. भारतात या विद्येची सुरुवातही पिकाच्या रोगापासूनच झाली. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातल्या नारळाच्या मर रोगाचे (रूट विल्ट) अवरक्त फोटो हेलिकॉप्टरमधून काढले गेले. आपला नियमित कामाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, त्यानंतर १९८८ साली वर गेला.

२. एका ठिपक्यात किती रान मावतं?

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. युरोपचा सेंटिनल-२ हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा फुकटचा उपग्रह. त्याचा एक ठिपका (पिक्सेल) १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात एक ठिपका म्हणजे एक गुंठा, आणि एकर म्हणजे चाळीस ठिपके. युरोपातल्या लोकांनी आपल्या सातबाऱ्याचं माप बघून उपग्रह केला नसणार, पण जुळलंय खरं.

अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा. आपल्या रिसोर्ससॅटवर तीन कॅमेरे आहेत. लिस-४ चा ठिपका ५.८ मीटरचा, लिस-३ चा साडेतेवीस मीटरचा म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा, आणि एडब्ल्यूआयएफएसचा ५६ मीटरचा म्हणजे ३१ गुंठ्यांचा. शेवटचा कॅमेरा एका शेतासाठी कामाचा नाही. जिल्ह्याचं चित्र बघायला मात्र तोच सोयीचा, कारण तो एका झेपेत खूप मोठा पट्टा टिपतो.

३. माझं रान वीसच गुंठे आहे, तेही लांबट. मला काही फायदा?

थोडा. वीस मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पट्टी घ्या. उपग्रहाच्या चौकटी तुमच्या बांधाला धरून आखलेल्या नसतात, त्यामुळे दोन्ही कडांच्या ठिपक्यांत शेजाऱ्याचं रान मिसळतं. निव्वळ तुमचे म्हणावेत असे दहा-एक ठिपके उरतात. शेजारी ऊस आणि तुमच्यात हरभरा असेल तर तुमचा हरभरा नकाशावर उगाच भरघोस दिसणार.

म्हणून ॲपमध्ये शेताची हद्द आखताना बांधावरून रेष ओढू नका. एक ठिपका आत सरकून आखा. क्षेत्र कमी भरलं तर भरू द्या, ही नोंद कारखान्याला दाखवायची नाहीये. पाच-सहा भावकीतल्या पट्ट्यांत एकच पीक, एकच लागण असेल तर सगळ्यांचं मिळून एक शेत धरून बघणं जास्त फायद्याचं.

४. एनडीव्हीआय किती असला म्हणजे पीक चांगलं?

एनडीव्हीआय म्हणजे अवरक्तातून लाल वजा करायचा आणि आलेल्या आकड्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. पानाने ४४ टक्के अवरक्त आणि ४ टक्के लाल परत पाठवला तर ४० भागिले ४८, म्हणजे ०.८३. मोकळ्या काळ्या रानात तो साधारण ०.१ ते ०.२ च्या घरात असतो, दाट उसात ०.७ च्या वर.

पण "किती असावा" हा प्रश्नच जरा वाकडा आहे. दोन महिन्यांच्या लागणीत ०.३५ म्हणजे उत्तम, आणि तोच आकडा आठ महिन्यांच्या उसात आला तर पायात चपला अडकवून निघायचं. आकडा तीन गोष्टींशी ताडून बघा: त्याच शेताचा मागचा फोटो, त्याच शेतातले बाकीचे गुंठे, आणि त्याच आठवड्यात लागण झालेला जवळपासचा प्लॉट. गटात स्क्रीनशॉट टाकून "माझा ०.७२, तुझा किती" ही चढाओढ बिनकामाची.

५. ॲपवर माझ्या उसात लाल डाग दिसतोय. रोग पडला का? औषध कुठलं मारू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. आधी औषधाचं झाकण लावा.

पहिलं म्हणजे लाल रंग उपग्रहाने दिलेला नाही, ॲपने दिलाय. कित्येक ॲप तुमच्याच शेतातल्या सगळ्यात कमी आकड्याला (हा आकडा म्हणजे ४ मधला एनडीव्हीआय) लाल आणि सगळ्यात जास्त आकड्याला हिरवा रंग देतात. सगळं शेत ०.७८ ते ०.८२ च्या मध्ये असलं तरी ०.७८ वाला गुंठा लालभडक दिसणार. म्हणून डागावर बोट ठेवून आकडा वाचा.

दुसरं, आकडा खरोखर पडला असेल तरी उपग्रहाला एवढंच कळतं की तिथली हिरवी पानं कमी झालीत. कारण कळत नाही. पाणी पोचलं नाही, पाणी साठलं, हुमणी लागली, नत्र कमी पडलं, रानडुकरं शिरली, वाटेसाठी ऊस तोडला, फोटोत ढगाची सावली आली. नकाशावर सगळ्यांचा रंग एकच.

माझ्याकडूनच एकदा गफलत झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका उसात चारेक गुंठ्यांचा डाग दिसला. मागे तिथे खत कमी पडल्याचं मालकांनीच सांगितलं होतं, म्हणून मी फोनवरच म्हणालो, नत्र कमी असेल. त्यांनी युरिया टाकला. पंधरा दिवसांनी डाग सात गुंठ्यांचा झाला तेव्हा आम्ही दोघं आत गेलो. बेट हाताने ओढलं तर मुळासकट वर आलं, खाली हुमणीच्या अळ्या. तेव्हापासून आत गेल्याशिवाय मी कारण सांगत नाही, आणि कुणी फोनवरून सांगितलेलं मानतही नाही.

आत जायचं ते असं: डागाच्या मधोमध एक जागा, कडेला एक आणि हिरव्या भागात एक. मोबाईलच्या जीपीएसवर तिन्ही खुणा घ्या. तिन्ही ठिकाणी फुटवे मोजा, बेट हलवून बघा, वीतभर माती उकरून ओल बघा, पानाची खालची बाजू बघा. हिरव्या भागात जाणं लोक टाळतात, पण ताडून बघायला काहीतरी हवंच. मग हे सगळं घेऊन कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा.

आकडा पडूनही काळजी करायची नसते असे प्रसंग ६, ११, १२ आणि १३ मध्ये आहेत.

६. जुलैच्या आडसाली उसात सोयाबीन घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये अचानक सगळं शेत लाल झालं. ऊस तर बरा दिसतोय!

ऊस बराच आहे. उपग्रह आजवर तुमचं सोयाबीन बघत होता. ते काढलं की सरीतली माती उघडी पडते आणि लहान उसाचा आकडा एकटाच उरतो. आलेखात एक खड्डा पडून पुढे दीड-दोन महिन्यांत रेष परत वर येते. आंतरपीक असेल तर काढणीची तारीख ॲपच्या नोंदवहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी हीच धडधड पुन्हा.

७. जून ते सप्टेंबर फोटोच येत नाहीत. पैसे भरून उपयोग काय?

सेंटिनल-२ दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो, पण ढगाच्या आरपार बघू शकत नाही. पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात दोन-दोन महिने स्वच्छ फोटो मिळत नाही. जत-आटपाडीकडे त्या मानाने बरं. काही ॲप मधल्या दिवसांचे आकडे अंदाजाने भरून सरळ रेष दाखवतात. ती रेष मोजलेली नव्हे, जोडलेली असते. आलेखावरच्या प्रत्येक बिंदूखाली फोटोची तारीख दाखवणारं ॲप निवडा.

ढगातून बघतो तो रडार उपग्रह: युरोपचा सेंटिनल-१, इस्रोचा २०२२ चा ईओएस-०४, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा-इस्रोचा निसार. हे स्वतःच लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरी मोजतात, त्यामुळे रात्रही चालते आणि पाऊसही. पण रडारला हिरवा-पिवळा कळत नाही. पिकाची उंची, दाटी, ओल आणि जमिनीचा खडबडीतपणा एवढंच कळतं. शिवाय रडारच्या चित्रावर रवा पसरल्यासारखे दाणे असतात, म्हणून एका-एका गुंठ्याचा निकाल त्यावरून लावू नये.

८. महापुरात माझा ऊस किती दिवस पाण्याखाली होता हे उपग्रहावरून सिद्ध होईल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या दोन्ही वर्षांनंतर हा प्रश्न थांबलेला नाही.

उघडं, शांत पाणी रडारवर काळं दिसतं, कारण लहर आरशावरून घसरावी तशी पलीकडे निघून जाते. सोयाबीन, भुईमूग पूर्ण बुडालं असेल तर ते ठळक दिसतं. उसाचं गणित उलटं आहे. शेंडे पाण्याच्या वर असतील तर लहर पाण्यावर आपटते, तिथून कांड्यांवर, आणि जोरात परत येते. असं शेत काळं न होता नेहमीपेक्षा उजळ दिसू शकतं. त्यातही सेंटिनल-१ ची लहर साडेपाच सेंटीमीटरची, दाट उसात पानांच्या थरातच अडकणारी. मग शेत बुडालं तरी फरक दिसत नाही. निसारची एक लहर २४ सेंटीमीटरची आहे, ती खोल जाते.

दिवस मोजणं त्याहून अवघड. सेंटिनल-१ साधारण १२ दिवसांनी एकदा येतो. पूर सोमवारी चढून शनिवारी उतरला आणि उपग्रह रविवारी आला, तर त्याच्या लेखी पूर आलाच नाही. पाणी ओसरल्यावर गाळाने माखलेली पानं आणि कुजलेले शेंडे ढग उघडले की सेंटिनल-२ वर दिसतात. नुकसान दाखवायला ते जास्त कामाचं.

भरपाईसाठी कागद पंचनाम्याचाच लागतो. उपग्रहाचा नकाशा सोबत जोडा, पंचनाम्याच्या जागी नको. गावात पाणी कुठवर आलं होतं त्याच्या भिंतीवरच्या खुणांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नकाशापेक्षा त्यांनी जास्त लोकांचं भांडण मिटवलेलं मी बघितलंय.

९. एकरी किती टन निघेल ते उपग्रह आधी सांगतो म्हणतात. खरं आहे?

गावाचं, मंडळाचं, कारखान्याच्या कार्यक्षेत्राचं बऱ्यापैकी सांगतो. तुमच्या एका फडाचं सांगताना अडखळतो. कारण नीट समजून घ्या, कारण याच दाव्यावर सगळ्यात जास्त पैसे मागितले जातात.

पद्धती दोन. पहिलीत आधीच्या हंगामांचं वजन आणि त्या-त्या हंगामातला एनडीव्हीआय यांची सांगड घालून सूत्र बनवतात. दुसरीत पिकाने हंगामभर किती ऊन पकडलं याचा हिशेब करतात. पानं किती आणि किती दिवस हिरवी होती हे उपग्रहावरून येतं, ऊन-तापमान हवामान केंद्रावरून. त्यातून एकूण वाढ काढायची, पाण्याच्या ताणापोटी काही वजा करायचं, आणि त्यातला किती हिस्सा दाणा किंवा कांडी होतो त्याने गुणायचं. देशपातळीवर फसल या कार्यक्रमात उपग्रह, हवामान आणि जमिनीवरच्या नोंदी मिळून उत्पादनाचे अंदाज काढले जातात. त्याचं काम बघणारं महालनोबिस केंद्र २०१२ साली दिल्लीत सुरू झालं. आपल्याकडचा ऊस आणि रब्बी ज्वारीही त्यात येते.

उसात मोठी अडचण ही की पानांनी जमीन झाकली की एनडीव्हीआय तिथेच अडकतो. ०.८ च्या पुढे ऊस दुप्पट जाड झाला तरी आकडा हलत नाही, कारण उपग्रहाला दिसतं पानांचं छत. कांड्या किती, पेरी किती लांब, हे छताखाली. दोन फड ०.८ वरच असतील आणि एकात ४५ टन, दुसऱ्यात ६५ टन निघतील. यावर थोडा उतारा म्हणजे लाल आणि अवरक्ताच्या मधल्या पट्ट्यावर काढलेला एनडीआरई. तो उशिरा अडकतो, पण त्या पट्ट्याचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

ऊस लोळला की आकडा बदलतो. तुरा आला की बदलतो. तोडीआधी पाणी तोडलं की बदलतो. यांतल्या एकाचाही टनेजशी सरळ हिशेब लागत नाही.

मग कारखान्यांना कसा उपयोग होतो? हजारो फडांची बेरीज करताना एकाची चूक वर, दुसऱ्याची खाली, अशी चुकांची भरपाई होते. शिवाय त्यांचा खरा फायदा टनांपेक्षा क्षेत्रात आहे. नोंदलेला ऊस खरंच उभा आहे का, किती तुटला, कुठला शिल्लक राहिला, हे आठवड्याला कळतं आणि चिटबॉयची (कारखान्याच्या ऊस नोंदणीच्या माणसाची) निम्मी वणवण वाचते.

तुमच्या फडाचा अंदाज हवा असेल तर नकाशावरून शेताचे चांगला, मध्यम, हलका असे तीन भाग करा. प्रत्येक भागात दहा फूट सरीतले पक्के ऊस मोजा, चार-पाच ऊस तोडून वजन करा आणि भागाच्या क्षेत्राने गुणा. कुठे मोजायचं ते उपग्रह सांगतो, मोजायचं आपण. डोळ्याने "पन्नास निघेल" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जवळ जातं.

१०. आणि साखर उतारा?

नाही. रस कांडीत असतो. हँड रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

११. लागण, खोडवा, निडवा उपग्रहाला वेगळे कळतात का?

एका फोटोत नाही, वर्षभराच्या आलेखात बहुतेकदा कळतात. (खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला ऊस, निडवा म्हणजे खोडव्यानंतरचा.) जुलै-ऑगस्टची आडसाली पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत उभी असते, म्हणून तिची हिरवी रेष सगळ्यात लांब. पूर्वहंगामीची रेष ऑक्टोबर-नोव्हेंबरला उठते, सुरूची जानेवारी-फेब्रुवारीला. खोडव्याची रेष तोडीच्या दिवशी एकदम कोसळते आणि नव्या लागणीपेक्षा लवकर वर चढते, कारण मुळं तयार असतात.

पाचट ठेवलेल्या खोडव्यात मात्र पहिले पाच-सहा आठवडे फसगत होते. वाळलेलं पाचट कोंबांना झाकतं आणि शेत मेल्यासारखं दिसतं. पाचट जाळलेल्या शेजाऱ्याचा खोडवा तेव्हा नकाशावर बरा दिसेल. त्यावरून पाचट जाळायचा निर्णय घेऊ नका.

१२. द्राक्षबागेला चालतं का? दावण्या (पानांवरचा डाऊनी रोग) आधी कळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. दावण्या दोन-तीन दिवसांत पसरतो, उपग्रह पाच दिवसांनी येतो, आणि डाग नकाशावर दिसण्याइतकी पानं गेली तेव्हा फवारणीची वेळ टळलेली असते. तिथे पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारं बागेतलं छोटं हवामान केंद्र उपयोगी.

बाग बघताना तीन गोष्टी सांभाळा. ओळींच्या मधली माती आणि गवत त्याच ठिपक्यात येतं, त्यामुळे तणाने माजलेली बाग नकाशावर जोमदार दिसते. मांडवाची बाग जमीन जास्त झाकते, वाय पद्धतीची कमी, तेव्हा दोघांची तुलना नको. आणि एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, आकडा जमिनीला टेकतो. छाटणीची तारीख एकच असलेल्या बागांचीच तुलना करा. तासगाव भागात एकाच शिवारात छाट्या महिना-दीड महिना पुढेमागे असतात, म्हणून शेजाऱ्याचा रंग बघून जीव जाळू नका. प्लास्टिक आच्छादन टाकलं असेल तर ते काढेपर्यंतचे आकडे सोडूनच द्या.

फायदा खरा आहे तो एप्रिल छाटणीनंतरच्या फुटीत. कुठल्या ओळींची फूट दरवर्षी मागे राहते हे तीन-चार वर्षांचे मे-जूनचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. बहुतेकदा तिथे ड्रिपचा दाब किंवा मुरूम, दोहोंपैकी एक निघतो.

१३. हळद जानेवारीत लाल झाली, कंद सडला असेल का?

मे-जूनची लागण असेल तर पाला वाळायची तीच वेळ आहे. सगळं शेत सारखं उतरत असेल तर हळद पक्व होतेय. ऑक्टोबरमध्येच एखादा तुकडा एकटा उतरला तर कंदकुजीचा संशय घ्या आणि ५ मधल्यासारखं आत जाऊन बघा.

१४. आमच्याकडे क्षारपड वाढतेय. किती वाढली हे दिसेल का?

दिसेल, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्यात उपग्रहाचा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपयोग हाच आहे. ठिबकविना पाटाचं पाणी, वर्षानुवर्षं ऊस आणि भारी काळी जमीन यांमुळे कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात रानं चोपण झाली आहेत. हे एका वर्षात होत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

लँडसॅट १९७२ पासून आहे आणि त्याचा साठा २००८ पासून सगळ्यांना फुकट आहे. एकाच शिवाराचे दर पाच वर्षांनी एक असे एप्रिल-मेचे फोटो लावा. क्षार वर आलेली मोकळी जमीन उन्हाळ्यात पांढुरकी, चकाकती दिसते. नंतर त्याच तुकड्याचे नोव्हेंबरचे फोटो बघा. पीक असूनही जो तुकडा दरवर्षी मागे आणि दरवर्षी थोडा मोठा, तो संशयाचा.

फसगतही आहे. नांगरलेलं वाळलेलं रान, मुरूम टाकलेला रस्ता, वीटभट्टीची जागाही अशीच चकाकते. म्हणून नकाशावरून मातीचे नमुने कुठून घ्यायचे एवढं ठरवा. डागातून, कडेतून आणि चांगल्या भागातून घेतलेल्या नमुन्यांची विद्युत वाहकता आणि सामू तपासा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे लोक अशा जमिनींबद्दल बोलायला चांगले. भूमिगत निचऱ्याच्या पाइप टाकल्या असतील तर टाकण्याआधीचे आणि तीन वर्षांनंतरचे फोटो जरूर जपून ठेवा. पुढच्या शिवाराला पटवायला दुसरं काही लागत नाही.

१५. पाणी कधी द्यायचं हे सांगेल का?

अर्धवट. पानातल्या पाण्याचा अंदाज देणारा ओलावा निर्देशांक सेंटिनल-२ वर निघतो, ठिपका चार गुंठ्यांचा. पिकाचं तापमान लँडसॅट मोजतो, पण त्याचा मूळ ठिपका १०० मीटरचा, म्हणजे अडीच एकरांचा एकच. आणि खरं सांगायचं तर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनावर असलेल्या माणसाला पाणी कधी द्यायचं हे उपग्रह ठरवत नाही. ज्याच्याकडे विहीर आणि ठिबक आहे त्याने शेतातला कुठला भाग आधी सुकतो ते बघून व्हॉल्व्ह वेगळे करावेत.

१६. माण-खटावकडच्या बाजरी-ज्वारीला हे लागू पडतं का?

विरळ पिकात ठिपक्यातला बराच हिस्सा माती असतो आणि मातीचा रंग आकड्यात घुसतो. तांबूस माळ आणि काळं रान यांचे आकडे सारखे धरता येत नाहीत. तिथे मातीचा परिणाम कमी करणारा एसएव्हीआय बघा. बहुतेक ॲपमध्ये तो असतो, फक्त कुणी दाबत नाही.

दुष्काळ ठरवण्याच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीत पावसाच्या तुटीबरोबर उपग्रहावरचा पीकस्थिती निर्देशांकही मोजतात. एखाद्या भागाचा आजचा हिरवेपणा मागच्या वर्षांतल्या सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या हिरवेपणाच्या मध्ये कुठे बसतो, हे तो ० ते १०० मध्ये सांगतो. ६० च्या वर चांगलं, ४० च्या खाली वाईट. तालुक्याच्या सरासरीत एखादं बागायत गाव असलं की शेजारच्या कोरड्या गावाचा आकडा झाकला जातो, ही जतकडची तक्रार मला रास्त वाटते.

१७. पीक विम्यासाठी माझ्या शेताचा नकाशा पुरावा म्हणून चालेल का?

विम्याचा हिशेब तुमच्या एका शेतावर होत नाही, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर होतो, आणि त्याचा पाया म्हणजे पीक कापणी प्रयोग. केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाला, २०२४ पासून सोयाबीनलाही उपग्रहासारख्या तंत्राने काढलेल्या उत्पादनाला काही टक्के वजन दिलं. कुठल्या हंगामात, कुठल्या पिकाला किती, हे बदलत राहतं. त्या हंगामाचा शासन निर्णयच वाचा, गटात फिरणारा मेसेज नको.

१८. ई-पीक पाहणी उपग्रहावरून आपोआप होत नाही का?

नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती मोबाईलवर, शेतात उभं राहून करायची आहे. तुमच्या गट नंबरात कुठलं पीक आहे हे उपग्रह अंदाजाने सांगतो, तुम्ही नोंदीने.

१९. डोंगरउतारावरची शेतं आणि स्ट्रॉबेरी?

जावळी, पाटणच्या उतारांवर हिवाळ्यात सकाळी अकरालाही सावली असते, आणि सावलीतला आकडा भरवशाचा नसतो. ताली अरुंद असतील तर ३ मधली अडचण दुप्पट होते. स्ट्रॉबेरीत मल्चिंग पेपर बराच वेळ पिकापेक्षा जास्त दिसतो. तिथे पायी फिरणंच स्वस्त.

२०. फुकटात कुठे बघू? आणि पैसे देऊन ॲप घ्यावं का?

युरोपचं कोपर्निकस ब्राउझर फुकट आहे. गाव शोधा, सेंटिनल-२ चं एल-टू-ए (हवेचा परिणाम काढून टाकलेला फोटो) निवडा, तारीख निवडा, एनडीव्हीआय दाबा. खातं उघडलं की हद्द आखून वर्षभराचा आलेखही निघतो. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे.

विकत ॲपमध्येही बहुतेकदा हाच फुकटचा फोटो असतो. पैसे मोजता ते मराठी पडद्याचे, सूचनांचे आणि शेतात येणाऱ्या माणसाचे. माणूस येत असेल तर द्या. नुसते रंग येत असतील तर एक हंगाम फुकटचं वापरा. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: फोटो कुठल्या उपग्रहाचा, ठिपका केवढा, ढगाच्या दिवशी काय दाखवता? तिसऱ्याला गडबडला तर चहा पाजून पाठवा.

२१. ड्रोन घेतला तर उपग्रह नको ना?

ड्रोनवर पान-पान दिसतं, पण मागची दहा वर्षं दिसत नाहीत. डाग उपग्रहावर शोधायचा आणि गरज पडली तर तेवढ्यावरच ड्रोन फिरवायचा. ५ मधलं पायी फिरणं दोन्ही पद्धतींत चुकत नाही.

२२. मी फाइली उतरवून घरीच एनडीव्हीआय काढतो. २०२२ पासून माझे आकडे एकदम बदलले. चूक कुठे?

तुमची नाही. सेंटिनल-२ च्या फाइलींत २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात १००० मिळवून देतात. तो आधी वजा करायचा आणि मगच सूत्र लावायचं. न वजा करता काढलेला एनडीव्हीआय कमी येतो आणि सगळं शिवार एका रात्रीत आजारी पडल्यासारखं दिसतं. तुम्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने करत असाल तर हे बघा. कोपर्निकस ब्राउझर ते स्वतः सांभाळतो. तरीही फरक राहिला तर पातळ ढग तपासा. नुसत्या डोळ्याला न जाणवणारा विरळ ढगही आकडा खाली ओढतो.

२३. म्हणजे माझं रान शेजारीसुद्धा बघू शकतो?

हो. व्यापारीही, कारखानाही, तुमचे पाहुणेही. तुम्हीही त्यांचं बघू शकता. हे सांगितल्यावर एका बैठकीत मागच्या रांगेतून प्रश्न आला होता: "मग वाटणीच्या वेळी भावाने पडीक म्हणून सांगितलेलं रान २०१८ साली हिरवं होतं का, ते निघेल?" निघतं. दोन मिनिटांत निघालं.